ओरेस्टकडे कोण जाणार

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या एका लहानशा गावात व्हर्ना कोस्तिशिन तरुणपणापासून घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचं करायची. अंघोळ, औषधं, नाश्ता. अशा चौघीजणी होत्या. रविवारी दुपारी त्या व्हर्नाच्या स्वयंपाकघरात जमत आणि पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, वळता वळता आठवड्याची घरं वाटून घेत.

"ओरेस्टकडे मी नाही बाई, हाकलतो मला," त्यांच्यातली डेल्फीन म्हणायची.

"तुझी बडबड सकाळी सकाळी कोण ऐकेल!" व्हर्ना म्हणायची, आणि ओरेस्ट तिच्या वाट्याला यायचा. हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. आपसूक जमत गेलं होतं.

ओरेस्ट रेल्वेतून निवृत्त झालेला, एकटा. कंपवाताने हात थरथरायचे, पण व्हर्नाशिवाय कुणापुढे शर्ट काढत नसे.

मग शहरातल्या आरोग्य कार्यालयाने सगळं आपल्या हाती घेतलं. कुणी कुठे जायचं ते रोज फोनवर येऊ लागलं. रुग्णांबद्दल घरी बोलायलाही बंदी आली.

"आपण जमू तरीही. कुणाला कळतंय?" डेल्फीन म्हणाली.

व्हर्नाच्या निवृत्तीला दोन-तीनच वर्षं उरली होती. "नको गं. उगाच कशाला विस्तवाशी खेळ?"

रविवार बंद पडले.

ओरेस्टकडे रोज नवी बाई जाऊ लागली. जानेवारीत एका सकाळी त्याने दार उघडलं नाही. आलेली बाई वाट पाहून, कार्यालयाला कळवून, नियमाप्रमाणे पुढच्या घरी गेली. ओरेस्ट तेव्हा न्हाणीघरात पडलेला होता. एकट्यानेच अंघोळ उरकायला गेला होता. संध्याकाळी शेजाऱ्याला सापडला.

"अहो, दार वाजलं तेव्हा हाक तरी मारायचीत!" दवाखान्यात व्हर्ना म्हणाली.

"मारणार होतो, पोरी. मग म्हटलं, आज कोण असेल? सगळ्या चांगल्या होत्या गं. पण रोज नव्या माणसापुढे उघडं व्हायचं... या वयात नाही जमत."

बर्फ वितळायच्या आत तो गेला.

पुढच्या वर्षी कार्यालयाला उपरती झाली. 'तुमची कामं तुम्हीच वाटून घ्या' हे शिकवायला शहरातून एक तरुण साहेब आला. खुर्च्या गोल मांडल्या. डेल्फीन तोवर अल्बर्टाला निघून गेली होती. नव्या मुली एकमेकींना धड ओळखतही नव्हत्या.

"सुरुवात कोण करतंय?" त्याने हसून विचारलं.

सगळ्यांनी व्हर्नाकडे पाहिलं. ती उठली, कोट घेतला आणि बाहेर गाडीत जाऊन नुसतीच बसून राहिली.

निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने तिने पुरे केले. कुणाकडे जायचं, यावर ती पुन्हा बोलली नाही. सांगतील तिथे जायची.