मीठवाल्या ऑसगारची घोडी

ऑसगार जन्मभर मीठ वाहत आला. पश्चिमेकडच्या खाऱ्या विहिरींपासून कॉव्हेंट्रीच्या बाजारापर्यंतची वाट त्याच्या गुडघ्यांना पाठ होती. डोळ्यांनी ती पाहणे त्याने केव्हाच सोडले होते. मूलबाळ नव्हते. बायको हिल्ड होती, आणि टिब नावाची म्हातारी घोडी होती. ती घराच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्याच छपराखाली बांधलेली असे.

कॉव्हेंट्रीच्या सरदाराने गावावर जकात बसवली होती: मिठावर, लोकरीवर, कोंबड्यांवर, घोड्यांवर. ती उठावी म्हणून त्याच्या बाईसाहेबांनी नवऱ्याची विचित्र अट मान्य केली. भर बाजारातून, अंगावर वस्त्र न घेता, घोड्यावरून जायचे. त्या सकाळी बाईंवर कुणाची नजर पडू नये म्हणून गावाने आपणहून दारेखिडक्या लावून घेतल्या.

ऑसगार रात्रभर चालून पहाटेच मीठ घेऊन परतला होता. दुसऱ्या घोड्याची चाहूल लागली की टिब ओरडायची, म्हणून तो अंधारात तिच्या नाकावर तळहात दाबून बसला. बाईंना आज कुणाचाही आवाज ऐकू जाऊ नये, एवढेच त्याला वाटत होते. पण टापा जवळ येण्याआधीच त्याचा डोळा लागला. हात सुटला. टिब खिंकाळली. बाहेरच्या टापा थांबल्या. मग पुन्हा हळूहळू पुढे गेल्या.

संध्याकाळी दवंडी पिटली. सगळी जकात माफ, फक्त घोड्यांवरची कायम. कारण सांगितले नव्हते. गावाने ते स्वतःच शोधले: टिबचे खिंकाळणे.

"या, घोडीवाले!" गुत्त्यात शिरताच कोळसेवाला थर्स्टन ओरडला. "एवढ्याशा म्हातारीचं तोंड धरता येईना होय रे तुला?"

"झोप लागली."

"झोप! बाईसाहेब तिकडं कुडकुडत चालल्यात आणि ह्याला झोप लागतेय!"

सगळे हसले. थर्स्टन हसला नाही. त्याचाही संसार घोड्यावरच होता. "विकून टाक तिला. चांभार कातड्यासाठी घेईल. ती आहे तोवर आमच्यातला कुणी तुझ्याबरोबर वाट चालायचा नाही, सांगून ठेवतो."

लुटारूंच्या रानातून एकट्याने मीठ आणायचे म्हणजे काय, हे ऑसगारला ठाऊक होते. तो तसाच माघारी फिरून घरी आला.

"टिबला विका म्हणतात," त्याने हिल्डला सांगितले.

"आणि मीठ कोण वाहणार? तू?" भांड्याला लागलेली लापशी खरवडत ती वैतागून म्हणाली. "वाहा बापडा. नाहीतरी मिठाला आता जकातीच्या नाक्यावर कोण विचारतंय! विचारतात ते घोडीला."

ती रागाने बोलली होती. तो मात्र रात्रभर त्यावर विचार करत राहिला.

पुढच्या खेपेला तो टिबला घेऊन एकटाच गेला आणि सुखरूप आला. नाक्याअलीकडच्या ओकच्या झाडाखाली त्याने टिबला मोकळे केले, तिच्यावरच्या दोन गोण्यांपैकी एक स्वतःच्या पाठीवर घेतली आणि वाकून चालू लागला.

"घोडी कुठाय रे?" नाकेदाराने विचारले.

"चरतेय."

"अन् तू तिच्या जागी? खोगीर तरी घालायचंस!"

"घालणार होतो. म्हटलं, तुम्ही त्याचीही जकात मागाल."

नाकेदार मनापासून हसला आणि बाजूला झाला.

बाजारात गोणी टाकून ऑसगार झाडाशी परतला. तिथे थर्स्टन आपल्या घोड्यावरचा कोळसा उतरवत होता.

"काय बघतोस? पलीकडून धर."

"तू माझ्याबरोबर चालणार नव्हतास."

"नाहीच चालत. धर म्हटलं ना!"

ऑसगारने पोते धरले. दोघांनी ते थर्स्टनच्या पाठीवर चढवले. थर्स्टन कण्हला, शिवी हासडली आणि नाक्याकडे निघाला. टिबकडे त्याने पाहिलेही नाही. तिला विकण्याचा विषय मात्र पुन्हा काढला नाही. ऑसगार क्षणभर झाडाला टेकला. त्याची दुसरी गोणी अजून गवतात तशीच पडून होती.