काउंटीकाकूंचं आभारप्रदर्शन

रस्ते आणि वाहतूक समितीची सभा संपल्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही. सभासद कागद गोळा करतात, चष्मे पुसतात आणि कार पार्कमधून आधी कोण बाहेर पडणार याची घाई करतात. इंग्लंडमधल्या आमच्या काउंटी कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेत, मात्र ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला काही वर्षं प्रत्येक सभेनंतर प्रेक्षकांच्या गॅलरीतून टाळ्या ऐकू यायच्या. दोनच हातांच्या, पण मनापासून वाजवलेल्या. ते हात काउंटीकाकूंचे.

पहिल्यांदा त्या वाजल्या तेव्हा अध्यक्ष मिस्टर व्हिटकोम्ब दचकले होते. नुकताच रस्त्याकडेच्या गटारांच्या सफाईचा अहवाल मंजूर झाला होता आणि त्यात टाळी घेईल असं एकही वाक्य नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समितीची क्लार्क, त्यांच्या उजव्या हाताला बसून मिनिट्स लिहिणारी. वर गॅलरीत फिकट निळ्या साडीवर गडद निळा अनोरॅक, टोपीवालं जाड जाकीट, चढवून एक बाई उभी होती, आणि तिने मला हात केला. मी मान खाली घालून तारीख पुन्हा एकदा लिहिली.

काकूंचं नाव सुमती आपटे. डॉक्टरकाका, म्हणजे त्यांचे यजमान, साठच्या दशकात इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आले आणि दोघं मेडनहेडच्या पुढच्या एका खेड्यात राहिले. आमची त्यांची ओळख मराठी मंडळातली. स्लाऊच्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन मंडळाचे कार्यक्रम व्हायचे, आणि त्या प्रत्येक कार्यक्रमातलं आभारप्रदर्शन काकूंकडे असायचं. ते त्यांच्याकडे कुणी सोपवलं हे कुणालाच आठवत नव्हतं, आणि काढून घ्यायची हिंमत कुणात नव्हती. पाहुण्यांपासून सुरुवात करून काकू बटाटे सोलणाऱ्यांपर्यंत यायच्या, तिथून हॉल उघडून देणाऱ्या केअरटेकरपर्यंत, आणि मग तो आजारी असता तर ज्याने हॉल उघडला असता त्याच्यापर्यंत. काकू माइकपाशी गेल्या की लोक कोट घालायला उठत, बाहेर जाऊन गाड्यांच्या काचांवरचं बर्फ खरवडून परत येत, तरी काकू पेपर प्लेट आणणाऱ्यांवर असत. "आभार राहून गेले ना, तर माणसाला घरी जाऊन जेवण गोड लागत नाही," असं त्यांचं म्हणणं. माणसाला म्हणजे कोणाला, मानणाऱ्याला की ज्याचे मानायचे त्याला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

कौन्सिलमध्ये त्या आल्या माझ्या आईमुळे. मुलीला काउंटी हॉलमध्ये नोकरी लागली हे आई सगळ्यांना सांगत असे, पण मी तिथे नक्की काय करते हे तिला सांगता येत नसे. काकूंनी ते काम अंगावर घेतलं. सभा बघायला कुणालाही येता येतं हे त्यांनी फोन करून विचारून घेतलं आणि एका मंगळवारी दुपारी बसने येऊन थडकल्या. मला वाटलं, एकदा येतील, कंटाळतील. गटारं, दिव्यांचे खांब, पार्किंगबंदीच्या पिवळ्या रेघा, यात कुणाचं मन किती रमणार? पुढच्या महिन्यात त्या परत आल्या, येताना छोटी उशी घेऊन, कारण गॅलरीतली खुर्ची कडक होती. बाबांनी त्याच दिवशी त्यांचं नाव काउंटीकाकू ठेवलं.

"अगं, काय सांगू तुला," त्या मला म्हणाल्या, "इथे एक जण बोलत असला की बाकीचे गप्प बसतात! आपल्या मंडळाच्या कमिटीत मी वीस वर्षं आहे, माझं एक सेंटेन्स पूर्ण झालेलं नाही. आणि ते अध्यक्ष कसे, नुसती पेन्सिल उचलतात. पेन्सिल उचलली की सगळे चिडीचूप. आमच्या अध्यक्ष जोशींना हातोडा दिला तरी जमायचं नाही."

गॅलरीत खायला मनाई होती. ते सांगायला रॉन नावाचा दरवान वर गेला आणि मूठभर चिवडा घेऊन खाली आला. दोन सभांनंतर तो स्वतःच विचारू लागला, की लेडी आज येणार आहे का, आणि तो पिवळा प्रकार आणणार आहे का. सभासदांना मधल्या सुट्टीत चहा आणि कस्टर्ड क्रीम बिस्किटं मिळत, गॅलरीला काही नाही. काकूंनी तक्रार केली नाही. त्यांनी फक्त एकदा अध्यक्षांना जिन्यात गाठून विचारलं, की तुमच्याकडे पाहुण्याला पाणी विचारत नाहीत का हो? पुढच्या महिन्यापासून एक कप चहा वर जाऊ लागला. त्या कपाचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा यावर माझ्या साहेबांनी एक सबंध सकाळ घालवली.

सभेच्या सुरुवातीला मी गैरहजर सभासदांची नावं वाचत असे. आमच्या दृष्टीने हा अर्ध्या मिनिटाचा सोपस्कार. काकूंच्या दृष्टीने ती आजाऱ्यांची यादी. "ते टक्कलवाले आज का नाही आले? गेल्या वेळी फार खोकत होते." मी त्यांना दहा वेळा सांगितलं, की काकू, ते गोल्फ खेळायला गेले असतील. तरी त्यांचं गेट वेल कार्ड दुसऱ्या दिवशी पोस्टात पडलेलं असे. टक्कलवाले खरोखरच गोल्फला गेले होते. ते कार्ड आल्यापासून त्यांनी समितीची एकही सभा चुकवली नाही.

काकूंना गाडी चालवता येत नसे. टेस्टच्या दिवशी राउंडअबाउटच्या गोल चौकात त्यांनी सगळ्यांना आधी जाऊ दिलं. अगदी सगळ्यांना. परीक्षकाने घड्याळ पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांना घाई आहे, आपल्याला नाही ना?" त्यानंतर त्यांनी तो नाद सोडला आणि बसच्या झाल्या. त्यांच्या खेड्यातून एक छोटी बस निघायची, ती आणखी दोन खेडी फिरून हॉस्पिटलवरून गावात यायची. तिच्यात माणसं कमी असत, म्हणून काउंटी तिला पैसे देत असे. डॉक्टरकाका धडधाकट होते तोवर ती बस काकूंसाठी फिरण्याची सोय होती. मग काकांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली, आणि ज्या हॉस्पिटलात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली तिथल्याच मागच्या वॉर्डात ते कायमचे जाऊन पडले. ते दुसऱ्या कुणाच्या हातून खात नसत. नर्सेसनी सगळं करून पाहिलं, ते तोंड मिटून घ्यायचे. म्हणून काकू रोज दुपारी गरम मऊ वरणभाताचा डबा घेऊन त्या बसने जायच्या आणि चमच्या-चमच्याने भरवून परत यायच्या.

आणि त्याच वर्षी ती बस बंद करायचा प्रस्ताव आमच्या समितीपुढे आला.

प्रस्ताव होता मिसेस पिकरिंग यांचा. पिकरिंगबाई म्हणजे समितीतली कात्री. ताठ, कडक, केसांना जाळी लावल्यासारख्या व्यवस्थित, आणि बोलल्या की काहीतरी कमी व्हायचं. त्यांना सगळे घाबरत. मीही.

मी काकूंना फोन केला. प्रेक्षकांना आधी कळवून तीन मिनिटं बोलता येतं, हा नियम नवीनच झाला होता. "काकू, नीट ऐका. फक्त बसबद्दल बोलायचं. पहिल्याच वाक्यात काका, दुसऱ्या वाक्यात डबा. तीन मिनिटं झाली की मला घंटा वाजवावी लागते, आणि मी ती तुमच्यासाठीसुद्धा वाजवणार."

"वाजव गं. नियम म्हणजे नियम. आणि मला काय बोलायचं ते कळत नाही का?"

त्या दिवशी काकूंनी अनोरॅक घरी ठेवला होता. जांभळी रेशमी साडी नेसून त्या खाली आल्या, माइकपाशी उभ्या राहिल्या, आणि समोर माइक, अध्यक्ष आणि ओळीने बसलेली माणसं दिसल्याबरोबर त्यांच्यातलं वीस वर्षांचं मंडळ जागं झालं. मी घड्याळ सुरू केलं.

त्यांनी आधी अध्यक्षांचे आभार मानले, चहाबद्दल. मग उपाध्यक्षांचे, शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग केल्याबद्दल. मग टक्कलवाल्यांचे, काकूंच्या गल्लीतला दिवा लावून घेतल्याबद्दल आणि खोकला बरा केल्याबद्दल. भाषा इंग्रजी होती, चाल पुण्याची. मी डोळ्यांनी खुणा करत होते, बस, काकू, बस! त्यांनी हसून मान हलवली आणि रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकणाऱ्या गाड्यांकडे वळल्या, ज्यांच्यामुळे गेल्या हिवाळ्यात त्या एकदाही पडल्या नव्हत्या. सभासद आधी माना वाकवून हसत होते. मग हळूहळू हसू थांबलं. प्रत्येक जण आपलं नाव येण्याची वाट बघत होता, आणि ज्याचं येऊन गेलं तो टेबलाकडे बघत होता. शेवटी काकू पिकरिंगबाईंवर आल्या.

"मिसेस पिकरिंग, लायब्ररीच्या पायऱ्यांना तुम्ही कठडा बसवून घेतलात. माझे मिस्टर आजारी पडायच्या आधी त्यालाच धरून वर चढायचे. ते रोज म्हणायचे, ज्याने हा लावला त्याला एकदा सांगायला पाहिजे. म्हणून मी आज..."

तीन मिनिटं झाली. मी घंटा वाजवली.

काकू वाक्य तिथेच सोडून खाली बसल्या. बस हा शब्द अजून उच्चारलासुद्धा गेला नव्हता. मला इतका राग आला, की त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. त्यांच्या डब्याबद्दल त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि क्लार्कला सभेत स्वतःचं काही सांगायला तोंड उघडता येत नाही.

अध्यक्ष म्हणाले, "मिसेस आपटे, तुम्हांला काही विनंती करायची होती का?"

"होती. पण वेळ संपली ना, मिस्टर चेअरमन."

मग पिकरिंगबाईंनी चष्मा काढला. त्या इतकी वर्षं निवडून येत होत्या. मला वाटतं, त्या कठड्याबद्दल त्यांच्याशी तोवर कुणी अवाक्षर काढलं नसेल. "या बाईंना काय हवं आहे ते मला समजलेलं नाही," त्या नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. "ते समजल्याशिवाय मत देणं योग्य नाही. विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब करावा."

पुढची सभा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर. त्या सभेत अधिकाऱ्यांचे आकडे तयार नव्हते, पुन्हा तहकूब. त्यानंतरच्या सभेत दोन पुलांचे विषय मध्ये आले. सरकारी कामं लांबतात म्हणून लोक शिव्या देतात. मी त्या वर्षी प्रत्येक तहकुबी अगदी सुंदर अक्षरात लिहिली. बस चालू होती, आणि काकू डबा घेऊन जात होत्या.

डॉक्टरकाका हिवाळ्याच्या तोंडाशी गेले.

नाताळानंतर बसचा विषय अखेर समितीपुढे आला, तेव्हा बोलणाऱ्यांत काकूंचं नाव होतं. मी त्यांना जिन्यात अडवलं. "काकू, आता तुम्ही कशाला..."

"माझं भाषण अर्धं राहिलंय," त्या म्हणाल्या.

या वेळी साडी पांढरी होती आणि आवाज बारीक.

"मागच्या वेळी एक आभार मानायचे राहिले," त्यांनी सुरुवात केली. "त्या बसचे. माझे मिस्टर माझ्याच हातून जेवत. तुम्ही सगळ्यांनी निर्णय पुढे ढकललात, तेवढे महिने ते जेवले. शेवटच्या दिवशीसुद्धा बस वेळेवर होती. आता मला ती नको आहे. पण माझ्या मागच्या सीटवर एक गृहस्थ बसतात, ते त्यांच्या मिसेसना भेटायला जातात. त्यांना इथे येऊन बोलायची लाज वाटते. तेव्हा त्यांच्या वतीने मी तुमचे आभार आत्ताच मानून ठेवते. थँक यू."

घंटेला बराच अवकाश होता. प्रस्ताव पिकरिंगबाईंनी स्वतः मागे घेतला. आधीच आभार घेऊन बसलेल्या समितीला दुसरं करण्यासारखं काही उरलंही नव्हतं. सभा संपली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच गॅलरीतून टाळ्या आल्या नाहीत. काकू हातात रिकामी पिशवी धरून बसून होत्या. मी वर गेले, त्यांच्याशेजारी बसले, आणि आम्ही दोघी रडलो.

नंतर त्या लेकीकडे बर्मिंगहॅमला गेल्या. तिथली कौन्सिल त्यांना आवडली नाही, फार मोठी, एकमेकांना बोलू देत नाहीत, असं फोनवर सांगायच्या. फोन ठेवताना दर वेळी विचारायच्या, "बस चालू आहे ना गं?" एका फेब्रुवारीत त्याही गेल्या. त्यांच्या आठवणीबरोबर अजूनही तो चिवडा खाणारा रॉन आठवतो आणि हसू येतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला सरकारने आमची काउंटी कौन्सिलच मोडीत काढली आणि कामं लहान लहान कौन्सिलांना वाटून दिली. रस्ते समितीची शेवटची सभा नेहमीसारखीच झाली. गटारं, दिवे, पिवळ्या रेघा. चालू बसमार्ग आहेत तसे पुढे सोपवायचे, हा शेवटचा विषय मंजूर झाला. अध्यक्षांच्या खुर्चीत आता पिकरिंगबाई होत्या. त्यांनी सभा संपल्याचं जाहीर केलं.

कुणी उठलं नाही. कागद गोळा झाले नाहीत. पिकरिंगबाई वर गॅलरीकडे बघत होत्या, टक्कलवालेही बघत होते, आणि वर एक रिकामी खुर्ची होती. मला कळलं, की हे सगळे थांबले आहेत. आभार मानायचे राहिले होते.

क्लार्कला सभेत स्वतःचं काही बोलायला परवानगी नाही. हातांबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही. मी पेन खाली ठेवलं आणि टाळ्या वाजवायला लागले.