अण्णांना फक्त तेवढंच ऐकू यायचं

आधीच सांगते, भूतखेत, अंगात येणं, लिंबू-मिरची यातल्या कशावरही विश्वास ठेवणारी बाई मी नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचते आणि निम्म्या लोकांना 'आधी डोळे तपासून घ्या' असं सांगावंसं वाटतं. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे लोकांचे कान तपासणारी, श्रवणयंत्रं बसवणारी. माझ्या कामात ऐकू आलं म्हणजे आलं, नाही म्हणजे नाही. मशीन आलेख काढून देतं, संपला विषय. तेव्हा खालचं वाचून 'मॅडम, विज्ञानाच्या पलीकडेही खूप काही असतं' अशी कॉमेंट टाकणाऱ्यांनी कृपा करून आपली बोटं आवरावीत.

क्लिनिक छत्रपती संभाजीनगरला, औरंगपुऱ्यात, कापडाच्या दुकानाच्या वर. खाली दिवसभर हॉर्न, रिक्षावाल्यांची भांडणं. पण टेस्टची खोली — तिला आम्ही बूथ म्हणतो — वेगळी. जाड फोमच्या भिंती, दुहेरी काच, फ्रिजसारखं घट्ट लागणारं दार. पेशंट आत हेडफोन लावून, काचेकडे पाठ करून बसतो. पाठ मुद्दाम, नाहीतर लोक ओठ वाचतात. मी बाहेर मशीनवर. आवाज ऐकू आला की पेशंटने हातातलं बटण दाबायचं. मला आत काही बोलायचं असेल तर समोरच्या माइकचा स्विच दाबावा लागतो. तो दाबला नाही तर माझं एक अक्षर आत जात नाही. त्यांचा आवाज मात्र मला स्पीकरवर कायम येत असतो. हे सगळं एवढं का सांगतेय ते कळेल.

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, दौलताबादजवळच्या खेड्यातलं एक कुटुंब आलं. सत्तरी ओलांडलेले अण्णा, वाळूजला कंपनीत असलेला त्यांचा मुलगा संतोष आणि सून रेखा. अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसले. बाकी दोघं त्यांच्यापासून जमेल तितक्या लांब.

"कधीपासून ऐकू येत नाही?" मी नेहमीसारखं विचारलं.

"येतंय की," रेखा फाडकन म्हणाली. "चांगलं येतंय. म्हणून तर आणलंय."

मी पेन खाली ठेवलं.

"कितीतरी वर्षं झाली, बहिरा झालो म्हणून बसलाय म्हातारा. हाका मारा, ताट वाजवा, हूं नाय की चूं नाय. पण मी मागच्या खोलीत दार लावून आईशी फोनवर बोलले, की ह्याचा अंगणातून जबाब येतो! आमच्या आईला सिल्लोडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं! माझ्या घरात मलाच बोलायची चोरी झालीय."

संतोष खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, मशीनवर सिद्ध करून द्या फक्त. ऐकू येत असलं तर हे ढोंग हाय. मग त्यांना शेतातल्या खोलीवर टाकतो, तिथं राहू द्या एकटं. खरंच बहिरे असले तर… तर मग आपलं नशीब. ठेवू घरात."

माझं डोकं तिथंच तापलं होतं. बापाच्या तोंडावर हे असं? मी काही बोलणार तेवढ्यात कोपऱ्यातून अण्णा म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, सपाट आवाजात, "त्या खोलीला पत्रा हाय, मॅडम. उन्हाळ्यात लई तापती."

"बघा! बघा!" रेखाने टाळीच वाजवली.

खरं सांगते, मलाही तेव्हा अण्णांचाच राग आला. ढोंगी पेशंट आम्हाला नवीन नसतात. कुणाला सवलत हवी असते, कुणाला घरातली कामं नको असतात. म्हटलं, चला म्हातारबुवा, बघूया तुमचं किती चालतंय.

बूथमध्ये बसवलं. बारीक आवाज दिले, मोठे दिले, मशीनची शेवटची पायरी गाठली. बटणावरचं बोट हललं नाही. मग आमची जुनी युक्ती केली. माइकवरून अगदी हळू, सहज म्हणायचं, "आजोबा, पायजम्याची नाडी सुटलीय." ऐकू येणारा माणूस कितीही बेरकी असो, त्याचा हात कमरेकडे जातोच. अण्णांचा गेला नाही. जोरात म्हटलं, तरी नाही. दोन वाजून गेले होते, माझा डबा तसाच पडला होता. मी माइक बंद केला, खुर्ची मागे ढकलली आणि स्वतःशीच पुटपुटले, "नाटकी म्हातारा! सगळी दुपार खाल्ली माझी."

स्पीकरवर आवाज आला. "दुपार खाल्ली, मान्य हाय. पर नाटकी नाय, मॅडम, मी."

त्यांची पाठ माझ्याकडे होती.

पहिल्यांदा मी माइक बघितला. ही आमच्या लोकांची नेहमीची चूक — स्विच चालू राहतो आणि पेशंटला नको ते ऐकू जातं. स्विच बंद होता. आणि चालू असता तरी काय? एवढ्या मोठ्या आवाजाला जो माणूस हलला नाही, त्याला माझं पुटपुटणं कसं पोचणार? हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिले, ठीक होते.

मग बेरा टेस्ट केली. डोक्याला वायरी चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का ते मशीन बघतं. पेशंटने काहीच करायचं नसतं, झोपला तर उत्तमच. अण्णा घोरायला लागले. झोपेत कोणी ढोंग करत नाही. दोन्ही कानांची रेघ सरळ आली, अगदी आखल्यासारखी. वायरी बदलल्या, पुन्हा केलं. सरळ. माझ्या रिसेप्शनवरच्या मुलीला झोपवून तिचं केलं तर सुरेख लाटा आल्या. म्हणजे मशीन शहाणं होतं. अण्णा ठार बहिरे होते.

पण त्यांनी उत्तर दिलं होतं ते दर वेळी वाईट बोलण्यालाच, म्हणून मी संतोष आणि रेखाला मशीनच्या खोलीत बोलावलं. अण्णांना पुन्हा बूथमध्ये, पाठ करून. माइक बंदच नाही, त्याची वायरच उपटून टाकली.

"त्यांना हाक मारा. चांगलं काहीतरी बोला."

"अण्णा, चहा घेता का?" संतोष म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "अण्णा, घरी जायचं ना?" काही नाही. रेखानेही दोन-तीन वाक्यं म्हटली. आत अण्णा टोपीची घडी घालत होते.

"आता घरी बोलता ते बोला."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "बोला ना," मी खेकसले. "एवढा वेळ तर तोंडाचा पट्टा चालू होता!"

रेखाने आधी हळूच सुरुवात केली. खोकल्याबद्दल, अंगणात थुंकण्याबद्दल. मग तिचं तिलाच आवरेना. जेवणाला ठेवलेली नावं, सासूच्या आजारपणात काढलेले दिवस, माहेरी जाऊ न देणं… सगळं वर आलं. शेवटी दात ओठ खात म्हणाली, "म्हातारी चांगली होती ती गेली. ह्याला मरण पण येत नाय."

आत अण्णांची टोपी हातातच राहिली. "मरन काय माझ्या हातात हाय का, रेखा?" स्पीकर म्हणाला. "काहून इतकं बोलायलीस? खोकला मुद्दाम करतो का मी?"

दुहेरी काच. उपटलेली वायर. पाठ फिरवलेला, सरळ रेघेचा माणूस. मला तिथं थांबायचं नव्हतं.

रेखा रडली असेल असं वाटत असेल तुम्हाला. छे! ती माझ्यावरच उखडली. "म्हणजे आमचंच मन काळं, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मला काही म्हणायचं नाही," मी म्हटलं. "ते बहिरे आहेत. तसा रिपोर्ट देते. तुम्ही शब्द दिलाय, घरात ठेवा. आणि त्यांनी तुमचं ऐकू नये असं वाटत असेल तर ते बोलणं सोडा. दुसरा उपाय माझ्याकडे नाही."

गेले. जाताना जिन्यात दोघांचं भांडण चालू होतं.

मी पुष्कळ डोकं खाजवलं. माझ्या सरांना फोन केला. ते हसले आणि म्हणाले, सुट्टी घे. बहिऱ्या माणसाला भास होतात, गाणी ऐकू येतात, हे पुस्तकात आहे. पण भास समोरच्याच्या वाक्याला नेमकं उत्तर देत नाही. जमिनीची थरथर, काचेतलं प्रतिबिंब, सगळं करून बघितलं. एकही धागा हाताला लागला नाही, अजूनही नाही.

सीताफळांच्या दिवसांत अण्णा पुन्हा आले. एकटे, शेअर रिक्षाने, पिशवीत सीताफळं घेऊन. अंगावर धुतलेला सदरा, गाल भरलेले. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'घरी कसं आहे?'

"लई चांगलं," ते म्हणाले. "शेतात नाय टाकलं. रेखा गरम भाकर वाढती. आधी भेऊन वाढायची, आता मनापासून वाढती. संतोष जवळ येऊन बसतो. दोघं माझ्याकडं बघून हसत्यात, बोलत्यात."

मी अंगठा वर केला. ते हसले नाहीत.

"पर मॅडम, आता कायबी ऐकू येत नाय."

मी पाटी पुसता पुसता थांबले.

"आदी शिव्या का असंनात, माणसाचा आवाज व्हता. रेखाचा आवाज जरा घोगरा हाय, संतोषचा त्याच्या आईवानी हाय, हे मला ठावं व्हतं. आता त्यांची तोंडं हलत्यात नुसती. लई गोड बोलत असतील… मला काय?" त्यांनी डोळे पुसले. "त्यांना म्हनू कसं, की बोला वंगाळ? चांगली झालीत लेकरं. म्हनून तुमच्याकडं आलो. तुमी रागीट हाव. त्या दिवशीवानी एकदा बोला ना मला."

मला आधी हसूच आलं. मग पाहिलं, ते हात जोडून बसले होते.

मी उठून दार लावलं. माझं तोंड किती फाटकं आहे हे माझ्या नवऱ्याला विचारा. मला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या. म्हातारा म्हटलं, ढोंगी म्हटलं, रेखाचं ते मरणाचं वाक्यसुद्धा जसंच्या तसं म्हटलं. घसा बसला. ते डोळे मिटून, मान तिरकी करून, कान माझ्याकडे करून बसले होते. मी थांबले तरी तसेच.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. "सुरू करा की," म्हणाले.

मी पाटीवर लिहिलं, 'बोलले. सगळं बोलले.' त्यांनी एकेक अक्षर वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. माझे गाल ओले होते ते त्यांना दिसलं असणार. त्यांच्यावर रागावणं मला आता जमत नव्हतं, कितीही ठरवलं तरी.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, आणि उठून टोपी घातली. "तुमीबी त्या दोघांत गेल्या आता."