सूचना ग्रुपवर टाकली आहे

पूर्वी ग्रामपंचायतीत कागद साठायचे. ते उंदीर खायचे आणि प्रश्न मिटायचा. आता सगळं माझ्या फोनमध्ये साठतं. फोन सारखा ओरडतो, 'स्टोरेज फुल'! मी फोटो पुसते, व्हिडिओ पुसते, किस्से मात्र पुसले जात नाहीत.

मी ग्रामसेविका. गाव आष्टी तालुक्यातल्या तळेगावहून थोडं आत. वरून आदेश आला, लोकांशी सोशल मीडियावरून संपर्क ठेवा. म्हणून 'ग्रामपंचायत सूचना' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. गावातले तर आलेच, पोटासाठी पुण्या-सुरतेला गेलेलेही आले.

पहिलीच सूचना टाकली, 'मोटार दुरुस्तीमुळे उद्या नळ येणार नाही.' धडाधड अंगठे, जोडलेले हात, गुलाबाची फुलं! मनात म्हटलं, काय सुधारलेलं गाव आहे! दुसऱ्या दिवशी सकाळी बाया पाण्याचे रिकामे गुंड-घागरी घेऊन ऑफिससमोर हजर.

"मेसेज वाचला नाही का?"

"वाचला न म्याडम. पर सरकारी बंद म्हन्जे थोडं तरी येतेच न!"

त्यांचं तरी काय चुकलं? सरकारी 'सुरू' त्यांनी इतकी वर्षं पाहिलं होतं. 'बंद'वर एकदम विश्वास कसा ठेवणार?

*

स्वच्छता मोहिमेत नाली साफ केली. आमचा शिपाई गजानन कामाला वाघ, सकाळीच नाली चकाचक. तेवढ्यात साहेबांचा फोन, "फोटो 'आधी' आणि 'नंतर' असे दोन पाहिजेत. नाहीतर काम धरणार नाही."

'आधी'चा फोटो कोणी काढलाच नव्हता! गजानन म्हणाला, "टेन्शन नका घेऊ म्याडम, दोन घमेले गाळ परत टाकतो." टाकले. फोटो काढला. पुन्हा उपसले, पुन्हा फोटो काढला.

दोन्ही ग्रुपवर टाकले, तर खाली पहिलीच कॉमेंट, "हे नाली कोन्या गावची होय?"

आम्ही हसलो खरे. पण केलेलं काम खरं असूनही आम्हाला खोटं करून दाखवावं लागलं, हे मला आजही टोचतं.

*

मग ग्रामसभा फेसबुकवर लाइव्ह दाखवायचं ठरलं. सभागृहात आम्ही पाच-सात जण, आणि गाव समोरच्या पानठेल्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून! मध्येच खिडकीतून आरोळी आली, "म्याडम, आवाज येऊन नाई राह्यला!"

"अहो, मग आत या ना!"

"आत आलो त कॉमेंट कशी करू?"

कोरम काही भरला नाही. कॉमेंट मात्र भरभरून आल्या.

*

ऑफिससमोर गिरजाआजी राहते. एकटीच. थोरला मुलगा पुण्याला, धाकटा सुरतेला. दोघांचं येणं कधीचंच थांबलेलं. तिला कुणीतरी सांगितलं, की मेसेज कोणी वाचला ते म्याडमच्या फोनात दिसते. तेव्हापासून आजी रोज ऑफिसात.

"म्याडम, थोरल्यानं वाचलं का?"

मी दाखवायची. वाचलेलं असायचं. घरपट्टीचं, नळाचं, डासांच्या फवारणीचं, सगळं.

एकदा तिने फोन माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, "पुन्याले बसून इथल्या नळाचं वाचते. मंग माह्या फोन काऊन नाई उचलत?"

गजाननने गुपचूप तिच्यासमोर चहा ठेवला.

*

मागे निराधारांच्या हयातीच्या दाखल्यांचा कॅम्प होता. सगळ्यांत वयस्कर म्हणून गिरजाआजीचा झेंडूचा हार घालून सत्कार केला. फोटो छान आला. आजूबाजूची गर्दी मी कापली, तेव्हा उरलं फक्त आजीचं तोंड आणि हार. खाली योजनेची सविस्तर माहिती लिहिली, फोटो ग्रुपवर टाकला आणि मी आष्टीला मीटिंगला गेले.

बाहेर येऊन फोन पाहते तर काय! 'भावपूर्ण श्रद्धांजली.' एकाने लिहिलं, मग सगळ्यांनी लिहिलं. खालची माहिती वाचतो कोण? मी घाईघाईने टाकलं, 'आजी हयात आहेत!' त्यावरही एक जण, 'ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तळेगावहून ऑटो आला. थोरला, त्याची बायको, आणि आजीने कधी न पाहिलेली नात. श्रद्धांजल्यांच्या गर्दीत माझं 'हयात आहेत' त्यांनी वाचलंच नव्हतं. आजी ओट्यावर गहू निवडत बसली होती. तिने मान वर केली.

"आलास? हातपाय धू."

तो तिथेच ओट्यावर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. मला ऑफिसच्या खिडकीतून बघवेना.

दोन दिवस त्या घरात माणसांचा आवाज होता. तिसऱ्या दिवशी ते परत गेले, तेव्हा मी आजीकडे गेले. म्हटलं, "आजी, झालं ते फार वाईट झालं. तो फोटो मी आत्ता काढून टाकते."

आजीने माझा हात धरला.

"राहू दे म्याडम. धाकट्याचा फोन बंद होता म्हन्ते, त्यानं पाह्यला नसन. उद्या अजून एक डाव टाकजो."