त्या मोज्यात माझा हात होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — जिला सगळं सांगते त्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण काल नणंद पुन्हा चार लोकांत म्हणाली, "वहिनीने दादाचं किती केलं हो." माझं डोकंच फिरलं. काय केलं मी? विचारा ना मला.

ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं. उजवी मूठ मात्र मिटली ती मिटलीच. ठाण्याच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने घरी वापरायला एक यंत्र दिलं — मोटर लावलेला हातमोजा. माणसाने जोर लावायचा, उरलेलं मोजा करतो. दिवसाला दोनशे वेळा मूठ उघडायची. आकडा मोबाइलवरून तिच्याकडे जायचा. सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे, असं तिने मला दोनदा बजावलं होतं.

हे पहिल्यापासून शिव्या द्यायचे. कुणाला? मलाच. झटक्यानंतर आकडे त्यांच्या डोक्यात राहत नव्हते, म्हणून मोजायचे मी. चाळीस झाले की मी सांगायचे — झाले दोनशे. दुपारी ते झोपले की वर्तकनगरच्या आमच्या स्वयंपाकघरात बसून मोजा माझ्या हातात चढवायचे आणि उरलेले भरून टाकायचे. डाव्या हाताने मेथी निवडत.

मी दमले होते म्हणून? — असं स्वतःला सांगून पाहिलं. खोटं आहे ते. ह्यांनी त्याच उजव्या हाताने तीस वर्षं ताटं भिरकावली, दोनदा माझ्या कानाखाली वाजवली. तो मिटलेला मला बरा वाटत होता. तो उघडू नये असं मला वाटत होतं — आणि मी तो उघडू दिला नाही.

आकडे उत्तम, म्हणून त्या मुलीने घरी येणं कमी केलं. चार महिन्यांनी दवाखान्यात तपासलं, तर बोटं हलेनात. "काका, एवढं करूनही नाही, म्हणजे आता..." ती म्हणाली. मी शेजारीच बसले होते. तोंड उघडलं नाही.

परतताना रिक्षात हे रडले. म्हणाले, "अगं, मीच कमी पडलो. तू एवढं केलंस, माफ कर मला." तेव्हाही मला संतापच आला — तीस वर्षांत माफी मागायला ह्यांना हाच दिवस सापडला? मी बाहेर बघत राहिले.

हात अजून तसाच आहे. दोष आपला, असं ते समजतात. मी समजू देते.