रिकामं असेल तर होय

जूनमधल्या एका सोमवारी, दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी, दिलीप मोहिते यांनी पुराच्या पाण्यात उतरायला स्वखुशीनं होकार दिला, अशी सरकारी यंत्रणेत नोंद आहे. मोहिते बडोद्यातल्या एका सरकारी कार्यालयात रेकॉर्ड शाखेत कारकून आहेत. वय छप्पन्न. त्या सोमवारी चार वाजून बारा मिनिटांनी ते दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवे होते. दाढ नुकतीच निघाली होती आणि तोंडात कापसाचा बोळा होता. अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज आजही त्यांच्या फाइलीत आहे. होकार राहू दे, त्यांना त्या वेळी थुंकीही गिळता येत नव्हती.

त्याच मिनिटाला, त्याच सेकंदाला, त्याच कार्यालयातल्या आणखी बासष्ट जणांनीही होकार दिला. इतक्या एका सुरात आमच्या शाळेत कधी प्रार्थनासुद्धा झाली नाही.

हे सगळं मी इतक्या खात्रीनं सांगते, कारण तो प्रोग्राम मी लिहिला आहे.

चार वर्षांपूर्वी मी अमळनेर सोडलं तेव्हा स्टेशनवर सोडायला बाबा आले होते, डेपोतून तसेच, हाताला ग्रीस. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. आई आली नाही. घरून निघताना तिनं डब्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि म्हणाली, "तिथं जाऊन पत्रकं वाटू नको म्हणजे झालं." कारण जळगावला कॉलेजात असताना मी तेवढंच केलं होतं. वसतिगृहाच्या पाण्यावर पत्रक, परीक्षेच्या गोंधळावर पत्रक, बसच्या पासावर पत्रक. आमच्या संघटनेतल्या ताईंनी शिकवलं होतं की पहिल्या ओळीत लिहायचं कोणावर अन्याय झाला आणि कधी, आणि शेवटच्या ओळीत सांगायचं वाचणाऱ्यानं काय करायचं. मधलं कोणी वाचत नाही. बाबांना त्यातलं काही पटत नव्हतं, पण ते अडवायचे नाहीत. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला, मग ग्रीस आठवून खाली घेतला.

सुरतेला गाडी बदलून बडोद्याला उतरले. अकोट्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती. खोली मिळाली दांडिया बाजारात, मोहित्यांच्या घरी, वरच्या मजल्यावर. होय, तेच मोहिते. मी त्यांना काका म्हणते आणि त्यांच्या बायकोला, नलिनीकाकूंना, काकू. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या दरबारी दप्तरात कारकुनी झालेली. काकांचं अक्षर असं की दुकानदार त्यांच्याकडून पाट्या लिहून घेत.

अमळनेरच्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही फोनवर विचारता, तिथं सगळं गुजराथीच का? रस्त्यावर गुजराथी. बँकेत हिंदी. ऑफिसात हिंदी आणि इंग्रजीची खिचडी. दांडिया बाजारातल्या जिन्यावर मात्र चप्पल काढली की मराठी. काकू भाजीवाल्याशी "केटलाना आप्या" म्हणून घासाघीस करतात आणि वळून मला म्हणतात, "बघ कसा लुबाडतोय मेला." पहिल्या महिन्यात मी आजारी पडले तेव्हा काकूंनी वर येऊन डोक्यावर पट्ट्या ठेवल्या आणि रागावल्या, "जेवत नाहीस, उपाशी कोड लिहितेस, वर म्हणे अशक्तपणा." मला तेव्हा कळलं की आपण इथं राहू शकतो. माझ्यावर मराठीत रागावणारं कोणी तरी या गावात होतं.

कामाचं सांगते. आमच्या कंपनीला सरकारी काम मिळालं. पूर, वादळ, कोयलीकडच्या कारखान्यात काही घडलं तर, अशा वेळी मदतीला जायला तयार असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांची यादी ठेवणारी यंत्रणा. कोणाला पोहता येतं, कोणाला गाडी चालवता येते, कोणाला प्रथमोपचार येतात. संकट आलं की यंत्रणा पथकं पाडणार आणि ज्याच्या त्याच्या फोनवर निरोप धाडणार. मी खूश होते. आईला फोन करून म्हणाले, पत्रकं वाटत नाही, पण लोकांच्या उपयोगाचंच करतेय.

नियम असा होता की प्रत्येकानं स्वतःच्या फोनवरून स्वतः नोंदणी करायची. पंधरा दिवसांत मोजून नऊ जणांनी केली. विश्वामित्री नदीत मगरी आहेत, हे बडोद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग वरून आदेश सुटला की येत्या आढावा बैठकीपर्यंत प्रत्येक कार्यालयाची नोंदणी शंभर टक्के झाली पाहिजे. म्हणजे सगळ्यांनी स्वेच्छेनं पुढे यायचं, आणि तारखेच्या आत यायचं.

काकांच्या कार्यालयात हेडक्लार्क आहेत परेशभाई. फार चांगला माणूस, असं सगळे म्हणतात, आणि तीच अडचण आहे. कोणाचा विम्याचा फॉर्म, कोणाचं रजेतल्या प्रवासाचं बिल, परेशभाई स्वतः भरून टाकतात आणि वर म्हणतात, तुमचं मी करून टाकलंय, चहा पाजा. त्या कार्यालयात वर्षानुवर्षं असंच चालतं, आणि सगळ्यांना सोयीचं वाटतं. परेशभाईंनी आमच्याकडे सोय मागितली की पगाराच्या यादीवरून सगळी नावं एकदम चढवता आली पाहिजेत. आमच्या कंपनीच्या साहेबांनी मान डोलावली. मी ती सोय करून दिली.

त्या सोमवारी चारच्या सुमारास परेशभाईंचा फोन आला. "बेन, लाल लाल एरर आवे छे." पाहिलं तर पोहता येण्याचा रकाना त्रेसष्ट रांगांमध्ये रिकामा. मी म्हटलं, विचारून भरा ना. ते हसले. "बधाने पूछवा बेसुं तो दिवाळी आवी जाय." सगळ्यांना विचारत बसलं तर दिवाळी उजाडेल, असं त्यांचं म्हणणं. पाचला बैठक होती. माझ्यावर आणखी दोन कार्यालयांचे फोन थांबले होते. मी एक ओळ लिहिली. तिचा मराठीत अर्थ एवढाच की रकाना रिकामा असेल तर "होय" धर. लाल एरर गेल्या. परेशभाई म्हणाले, "जोरदार, बेन." चार वाजून बारा मिनिटं झाली होती.

ती ओळ मी लिहिली. साहेबांनी सांगितली नव्हती, परेशभाईंनीही नाही. त्यांना एरर नको होत्या. "नाही" धरलं असतं तरी एरर गेल्याच असत्या. मी "होय" धरलं, कारण त्यामुळे अहवालात आकडा चांगला दिसत होता.

ऑगस्टात पाणी चढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या फोनवर निरोप आला की आपली निवड पोहणाऱ्या पथकात झाली आहे, नऊ वाजता हजर व्हावे. काका फोन घेऊन वर आले. "अगं, हे तुमचंच ना? पोहणारे पथक म्हणजे काय? मी तर कधी विहिरीतसुद्धा उतरलो नाही."

मी फोन पाहिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी म्हटलं, "नावाला असेल हो काका. तुम्हाला पाकिटं वाटायलाच बसवतील."

"मग ठीक," म्हणाले. "हुकूम आहे, जायला तर हवंच." निरोपात हुकूम हा शब्द नव्हता. पण चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला सरकारकडून आलेला कागद दुसरा कसा वाचता येणार? काकूंनी त्यांच्या खिशात गोळ्या घातल्या आणि छत्री दिली. पोहणाऱ्या पथकात छत्री घेऊन गेले काका.

नदीकाठच्या एका सोसायटीत होडी पाण्याखालच्या फाटकाच्या सळ्यांवर चढली आणि कलंडली. बाकीचे तिघं पोहत बाजूला झाले. काकांचा पाय सळ्यांत अडकला आणि ते खाली गेले. पहिल्या मजल्यावरच्या बायकांनी साड्यांना गाठी मारून खाली सोडल्या, एका रिक्षावाल्यानं उडी मारली, म्हणून आज काका आहेत. गुडघ्याखाली दोन ठिकाणी हाड मोडलं. पाय आता पुरता वाकत नाही. दांडिया बाजारातला तो जिना काका बसून, एकेक पायरी सरकत उतरतात.

तीन आठवड्यांनी नोटीस आली. मला वाटलं चौकशीला कोणी येणार असेल. नोटिशीत लिहिलं होतं की आपण पोहता येत असल्याची खोटी माहिती स्वेच्छेनं दिलीत, त्यामुळे बचावकार्यात अडथळा आला, सात दिवसांत लेखी खुलासा करावा. आणि आपण स्वयंसेवक म्हणून गेला होतात, त्यामुळे हा अपघात कामावरचा धरता येणार नाही, अंथरुणातले दिवस विनापरवाना गैरहजेरी समजले जातील. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, चौतीस वर्षांत एक शेरा नाही, आणि आता खोटारडा म्हणून चौकशी.

संध्याकाळी मी खाली गेले तर काका पलंगावर पाट घेऊन खुलासा लिहीत होते. त्या सुंदर अक्षरात. "माझ्याकडून नजरचुकीने..." इथपर्यंत आले होते. आयुष्यभर साहेबांसाठी असल्या नोटिसा आणि त्यांची उत्तरं लिहिलेला माणूस. उत्तराची सुरुवात माफीनंच होते, एवढंच हाताला माहीत.

माझं डोकं फिरलं. मी पाट ओढून घेतला. म्हटलं, "काका, तुम्ही काही चुकला नाहीत. तुमचं नाव परेशभाईंनी चढवलं. आणि पोहता येतं, हे मी लिहिलं."

काकांनी पेनाचं टोपण लावलं. काकू ओट्याशी होत्या. त्या वळल्या. "तू? आणि त्या दिवशी वर म्हणालीस, पाकिटं वाटायला बसवतील?"

"हो."

दुसऱ्या दिवसापासून काकू माझ्याशी गुजराथीत बोलू लागल्या. "बेन, पाणी आवी गयुं छे. भरी लेजो." सभ्यपणे, जसं नळवाल्याशी बोलतात. बडोद्याच्या बाहेरच्यांना यातलं दुःख कळणार नाही. घरात राहून मला रस्त्यावर काढलं होतं त्यांनी. आणि बरोबर केलं होतं.

बाबांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "ज्या गाडीचे ब्रेक मी बसवतो, तिच्या पहिल्या फेरीला मी आत बसतो. तुमच्यात काय पद्धत आहे?" आमच्यात काही पद्धत नाही, बाबा. आमच्यात फेरीला काका बसतात.

मी चौकशी अधिकाऱ्यांना लेखी दिलं. ती ओळ माझी आहे. यंत्रणेत प्रत्येक नोंदीचा माग राहतो, तो मागवा, त्रेसष्ट होकार एकाच लॉगिनवरून आलेले दिसतील. खाली नाव, पत्ता, सही. आमचे साहेब म्हणाले, "हम सॉफ्टवेअर बनाते हैं, गवाही नहीं देते." पंधरा दिवसांत माझी नोकरी गेली. आई म्हणते, "घरी ये परत, कशाला परक्या गावात भांडतेस?" पण आई, ज्या गावात माझ्या हातून एका माणसाचा पाय मोडला ते मला परकं कसं राहील? अमळनेरला मी आता पाहुणी म्हणून येते, लाड होतात, कोणी जाब विचारत नाही. जाब इथं विचारतात. म्हणून माझं घर आता इथं आहे.

काकूंना जबाबाची प्रत दाखवली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली. "तुझ्या त्या ओळीनं ह्यांचा पाय गेला. हे मी विसरणार नाही," म्हणाल्या, मराठीत. "पण तू आलीस आणि सांगितलंस. त्या परेशनं अजून उंबरा ओलांडला नाही. आता उभी काय राहिलीस, भात निवतोय."

माग आला. एकच लॉगिन निघालं. तेव्हा परेशभाईंनी जबाब दिला की मी प्रत्येकाला तोंडी विचारलं होतं आणि प्रत्येक जण हो म्हणाला होता. काकांचा दाताच्या रजेचा अर्ज समोर ठेवला, तर म्हणाले, आदल्या शनिवारी विचारलं असेल. त्या कार्यालयातल्या बासष्ट माणसांना माहीत आहे की कोणीही कोणाला विचारलं नव्हतं. बासष्टच्या बासष्ट गप्प आहेत. काही जण दवाखान्यात काकांना केळी घेऊन भेटायला आले होते. काकूंनी विचारलं, तुम्हाला कोणी विचारलं होतं का? तर म्हणाले, "जाऊ द्या ना वहिनी, परेशभाई माणूस चांगला आहे."

असेल चांगला. तुमचे फॉर्म भरतो, तुमच्यासाठी रांगेत उभा राहतो. तुमच्या वतीनं नदीत मात्र उतरला नाही. तिथं मोहिते उतरले, आणि पुढच्या पावसाळ्यात तुमच्यापैकी कोणी उतरेल, कारण तुमच्या नावापुढे ते "होय" अजून तसंच आहे. मला ते पुसायची परवानगी नाही. तुम्हाला आहे.

या सोमवारी सकाळी अकराला चौकशीची शेवटची बैठक आहे. तुम्ही बासष्ट जण हे वाचत असाल, कारण याच्या गुजराथीत केलेल्या प्रती मी तुमच्या कार्यालयाच्या फाटकावर स्वतः वाटते आहे. एक कोरा कागद घ्या. त्यावर लिहा, "मला कोणीही विचारलं नव्हतं." खाली नाव, हुद्दा आणि सही. अकराच्या आत दुसऱ्या मजल्यावर जाऊन तो कागद अधिकाऱ्यांच्या हातात द्या. आणि तुमचा कागद परेशभाईंना भरायला देऊ नका.