गाडीचं तोंड दाराकडे

लग्नाला चार वर्षं होऊन गेली तरी आमचा जावई माझ्याशी "नमस्ते मम्मी जी" आणि "चलते हैं मम्मी जी" यांच्या पलीकडे बोलला नव्हता. त्या रविवारी मात्र विकास नगरच्या आमच्या घरी येऊन तो सोफ्यावर ऐसपैस बसला, चहा संपवला आणि म्हणाला, "मम्मी जी, आप तो रेलवे में डिब्बे डिज़ाइन करती थीं ना?"

करत होते. सांगलीहून डिप्लोमा घेऊन, लग्न होऊन लखनौला आले आणि रेल्वेच्या डिझाइन ऑफिसात मालडब्यांच्या ड्रॉइंगवर आयुष्य काढलं. सांगाडा, दारं, बिजागऱ्या, डब्यात माल कुठे ठेवला की कुठल्या चाकावर किती भार येतो, या सगळ्यात माझा हातखंडा. पण जावयाला हे माहीत आहे, हेच मला नवीन होतं. त्याच्या घरी माझी ओळख "बहू की मम्मी, महाराष्ट्र वाली" एवढीच.

त्याला ट्रेलर हवा होता. त्याने परदेशी बनावटीची एक स्पोर्ट्स कार घेतली होती. जुनीच, पण पिवळीधम्मक, लांब नाकाची आणि पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. ती दिल्लीकडच्या रेसच्या ट्रॅकवर न्यायची, पण चालवत न्यायची नाही, कारण आपल्याकडचे स्पीडब्रेकर तिच्या पोटाची सालं काढतात. म्हणून तिला एका बंद ट्रेलरमध्ये घालायचं आणि तो ट्रेलर मोठ्या गाडीमागे जोडून ओढत न्यायचा. बंद हवा, कारण धूळ नको, खडे नकोत. हलका हवा, कारण ओढणाऱ्या गाडीची ताकद ठरलेली, आणि त्यातली बरीचशी ही पिवळी बयाच खाणार.

मी नाहीच म्हणणार होते. लेक माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आली. तिला मराठी सगळं समजतं, पण जन्म इथला, उत्तर हिंदीतच येतं. "मम्मी, बना दो ना, प्लीज़."

"का गं? एखाद्या कंपनीकडून करून घेईल की. त्याला काय कमी आहे?"

ती नळाकडे बघत म्हणाली, "घर में सब कहते हैं, मेरे मायके से आज तक काम की कोई चीज़ नहीं आई. एक बार उसको लगे तो सही कि मेरी माँ भी कुछ है."

कॉलेजात वादविवादाची बक्षिसं आणणारी ही माझी पोर. त्या घरात काही बोलायच्या आधी ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघते, हे मी येता-जाता बघत होते आणि गिळत होते. लखनौची माणसं अपमानसुद्धा "आप" म्हणून करतात, त्यामुळे भांडायला जागाच मिळत नाही. मी ठरवलं, करते. तिच्या शब्दाला त्या घरात थोडी किंमत यावी, एवढंच मला हवं होतं. ट्रेलर काय, त्यासाठी मी त्याला विमानसुद्धा करून दिलं असतं.

आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले, स्वभाव थंडगार. म्हणाले, "कर बाई. जावई म्हणजे दहावा ग्रह. शांत राहिलेला बरा."

मी कामाला लागले आणि खोटं कशाला सांगू, मजा आली. रेल्वेत वजनाची कुणाला फिकीर नसते. पत्रा जाड घ्या, वर एक पट्टी ठोका, इंजिन आहे ओढायला. इथे उलटं. ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप, त्यावर रिवेट मारलेला पातळ पत्रा, जिथे जोर येतो तिथेच जाडी. माझ्याच सवयी मी एकेक करून मोडत होते. लेक दुपारची गोमतीनगरच्या सासरहून स्कूटीवर यायची, जेवणाच्या टेबलावर कागद पसरायची, टेप धरायची. गाडी इतकी बुटकी की चढताना तिचं पोट घासलं असतं, म्हणून मागचं दारच लांबलचक केलं, ते खाली पाडलं की त्याचाच उतार. आत शिरल्यावर गाडीचं दार उघडायला जागा नाही, मग चालवणारा बाहेर कसा येणार? ट्रेलरच्या कडेला एक झडप ठेवली, बरोबर त्याच्या दाराशी. लेकीने टाळीच वाजवली. "मम्मी, यार, तुम तो कमाल हो!" शाळेनंतर इतके दिवस ती माझ्याजवळ बसली नव्हती.

जावयाच्या फर्माइशी तिच्याच तोंडून यायच्या. आत सोफा हवा. टीव्ही हवा. हत्यारांचं मोठं कपाट हवं. मी तिच्याच तोंडून परत पाठवायचे: सोफा हवा असेल तर गाडी घरी ठेवायला सांग. आमच्यात हे असंच. जावयाला थेट काही ऐकवायचं नाही, मुलीला सांगायचं, मुलगी गोड करून सांगणार. माझ्या आईनेही तेच केलं, तिच्या आईनेही. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

एकच गोष्ट मी लेकीला घोटून घोटून शिकवली. सायकलच्या कॅरिअरवर गव्हाचं पोतं अगदी मागे बांधलं की हँडल हलकं होतं आणि सायकल झोकांड्या खाते ना, तसंच. ट्रेलरचं वजन थोडं पुढे, ओढणाऱ्या गाडीच्या जोडणीवर पडलंच पाहिजे. ते मागे गेलं की वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि एकदा लागला की पुढच्या गाडीलाही फरपटत नेतो. या कारचं इंजिन नाकात. म्हणजे नाक ट्रेलरच्या पुढच्या बाजूला, शेपूट दाराकडे. दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने ती आत बसूच नये म्हणून मी जमिनीवर ठोकळे वेल्डिंग करून घेतले. उलटी घातली तर चाकं आधीच अडायची, लांब नाक बाहेर राहायचं आणि दार लागायचंच नाही. माणसाच्या अकलेवर भरवसा ठेवू नये, हे मी नोकरीत शिकले होते.

मलिहाबाद रस्त्याला ट्रकच्या बॉड्या बांधणारी एक वर्कशॉप आहे, तिथे ट्रेलर बनला. जवळच आंब्याचे ट्रक तोलतात त्या धर्मकाँट्यावर मी तो रिकामा तोलला, मग गाडीसकट तोलला, मग नुसत्या जोडणीवरचा भार बघितला. हवा होता तसाच होता. काँट्यावरच्या भैयाने विचारलं, "मैडम, इसमें आम जाएगा?" मी म्हटलं, आंबा गेला असता तर बरं झालं असतं.

मग पूजा. जावयाच्या अंगणात मित्रमंडळी जमलेली, पांढराशुभ्र ट्रेलर मध्ये उभा. लेकीच्या सासूबाईंनी माझ्या हातात ताट दिलं, मी कुंकू लावलं, ओवाळलं. तेवढ्यात एका मित्राने विचारलं, "भाई, किससे बनवाया?"

जावई म्हणाला, "जर्मन डिज़ाइन है. पुणे की एक कंपनी ने किया."

माझ्या हातात ओवाळणीचं ताट! मी लेकीकडे बघितलं. मित्राची बायको तिलाच म्हणत होती, "वाह, जर्मन!" आणि माझी लेक हसून म्हणाली, "हाँ, बहुत मेहनत की उन लोगों ने."

उन लोगों ने. घरी येऊन मी पदर कमरेला खोचला आणि आमच्या ह्यांना जे सुनावलं ते शेजारच्या सेक्टरपर्यंत गेलं असेल. हे म्हणाले, "तू नावासाठी केलंस की पोरीसाठी?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

थोड्याच दिवसांत लेकीने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. ट्रेलरचं दार हळूहळू खाली येतं, आत निळे दिवे, आणि अंधारातून त्या पिवळ्या गाडीचे दोन डोळे लखकन पेटतात. खाली लोकांच्या वाहवांचा पाऊस. मी बघतच राहिले. गाडीचं तोंड दाराकडे! उलटी घातली होती. म्हणजे माझे ठोकळे कापून काढले होते.

मी तत्काळ फोन लावला. "अगं, हे काय केलंय त्याने? वजन सगळं मागे गेलं. गावातल्या गावात ठीक आहे, पण हा ट्रेलर असा एक्सप्रेसवेवर न्यायचा नाही. कळलं का? उलटेल!"

"मम्मी, धीरे बोलो. मेहमान बैठे हैं."

"मेहमान गेले चुलीत. त्याला फोन दे."

"नहीं नहीं, आप मत बोलो. मैं बता दूँगी. पक्का."

तरी मी जावयाचा नंबर काढला होता. आमच्या ह्यांनी हातातून फोन घेतला. "असं थेट जावयाला शिकवायला जाऊ नये. त्याच्या मित्रांसमोर त्याचा पाणउतारा झाला तर तो राग कुणावर काढेल? पोरगी सांगते म्हणालीय ना?" खरं होतं. राग कुणावर निघेल हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी दुसऱ्या दिवशी लेकीला विचारलं, सांगितलंस? "हाँ मम्मी, हाँ," म्हणाली. त्या हाँ-मध्ये काही दम नव्हता, पण मी तो धरून बसले.

जावई रेसला निघाला तेव्हा लेकही गाडीत होती. एक्सप्रेसवेवर ट्रेलरने शेपूट हलवायला सुरुवात केली, जावयाने ब्रेक दाबला, ट्रेलर आडवा होऊन कठड्यावर आदळला आणि उलटला. ओढणारी गाडी गरागरा फिरून उभी राहिली. देवाची कृपा, कुणी गेलं नाही. लेकीचं मनगट मोडलं. पिवळी गाडी आतल्या आत चेपली.

दवाखान्यातून लेकीला घरी आणल्यावर आम्ही दोघं भेटायला गेलो. दिवाणखान्यात सगळे बसलेले: सासरे, सासूबाई, जावई. लेक प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून दाराशी उभी. तिला कुणी बस म्हणत नव्हतं. मी तिची चौकशी करते न करते तोच जावई म्हणाला, "मम्मी जी, बुरा मत मानिएगा, पर आपके डिज़ाइन में ही कुछ गड़बड़ थी."

आता आपके! नीट उभा होता तोवर जर्मन, उलटला तर माझा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. माझ्या अंगाची लाही लाही झाली. येताना मी वर्कशॉपमध्ये जाऊन तो चेपलेला ट्रेलर बघून आले होते. ठोकळे होते तिथे ग्राइंडरचे व्रण, वर पांढरा रंग फासलेला. "साहब ने ही कटवाया था," असं तिथला माणूस सरळ म्हणाला होता. नुसतं एवढं बोलले असते तरी त्या पोराचं तोंड काळं झालं असतं. मी बोलायला तोंड उघडलं.

आणि लेक मध्येच म्हणाली, "मम्मी, हो सकता है ना, आपसे ही कुछ रह गया हो?"

तिचे डोळे माझ्यावर खिळले होते. एक क्षण मला वाटलं, पोरगी नवऱ्याला घाबरून आईला बळी देतेय. मग लख्ख कळलं. तिने त्याला सांगितलंच नव्हतं. धीरच झाला नव्हता तिला. मी आता "मी सांगितलं होतं" म्हटलं की पहिला प्रश्न येणार, किसको? मग जावई सुटणार, गाडीचं, ट्रेलरचं, हुकलेल्या रेसचं सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटणार: तुम्हें पता था, और तुमने बताया नहीं? जन्मभर ऐकवतील. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

सगळी नोकरी मी एका गोष्टीवर उभी राहून केली होती, माझ्या ड्रॉइंगमध्ये चूक निघत नाही. साहेबांशी भांडले, बदलीची धमकी ऐकली, पण बरोबर असताना चूक म्हटलं नाही कधी.

"हाँ," मी म्हटलं. "मुझसे ही हुआ. वज़न का हिसाब चूक गया."

आमच्या ह्यांनी मान खाली घातली. त्यांना सगळं माहीत होतं.

जावई एकदम मोठ्या मनाचा झाला. "अरे, कोई बात नहीं मम्मी जी. इस उम्र में हो जाता है." सासूबाईंनी चहा मागवला. खोलीतला ताण सैलावला आणि लेकीच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रंग आला. पुढे येऊन ती नवऱ्याला ठसक्यात म्हणाली, "मैं तो पहले ही कह रही थी, किसी ढंग की कंपनी से बनवाओ."

"सही कह रही हो," जावई म्हणाला आणि सरकून त्याने तिला शेजारी जागा करून दिली.

तिला सही म्हणताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होते. पोर त्याच्याजवळ बसली आणि हसली. खोटं नाही, मनापासून हसली, आणि मला ते हसू बघवेना.